करारातला अकरावा मुद्दा काढा : अहिराणी गाण्यांच्या चॅनलमालकांना खुलं पत्र

प्रति,
धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतले आणि मालेगाव-बागलाण पट्ट्यातले अहिराणी गाण्यांचे सर्व चॅनलमालक, तसंच त्यांची गाणी पुढे चढवणारे वितरक

भाऊसाहेब, स. न. वि. वि.

लग्नसराईच्या तोंडावर तुमच्याकडून नवं करारपत्र फिरू लागलंय. पाचशेचा स्टॅम्प, मागे चार पानं. पहिले दहा मुद्दे नेहमीचेच आहेत. अकरावा नवा आहे : ‘गीतकार, संगीतकार व गायक यांनी दिलेले सर्व शब्द, चाली, आवाज व कच्चे ध्वनिमुद्रण कंपनीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्याही वापरासाठी कायमस्वरूपी, जगभर व जादा मोबदल्याशिवाय वापरता येईल.’ सही केली नाही तर यंदाच्या यादीत गाणं नाही, हे तोंडी सांगून झालंच आहे.

आम्ही तुमच्यासाठी शब्द लिहिणारे, चाली बांधणारे, गाणारे आणि रात्री उशिरापर्यंत मिक्सिंगला बसणारे लोक आहोत. हे चार भिंतींत बोलता आलं असतं. पण सही करायला बसलेला पोरगा बऱ्याचदा वीस-बावीस वर्षांचा असतो. पहिलं गाणं येणार या आनंदात तो चौथं पान उघडत नाही. त्यालाही वाचता यावं म्हणून पत्र जाहीर लिहितोय.

एक आधीच साफ करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला आमची ना नाही. रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर काढायला, जुन्या कॅसेटवरचा आवाज आणि वाजप वेगळं करायला, मास्टरिंगला आम्हीही हीच साधनं वापरतो. भांडण तीन गोष्टींचं आहे : यंत्रात काय टाकलं, कोणाला विचारून टाकलं, आणि बाहेर आलेल्या गाण्यावर नाव कोणाचं लागलं.

‘कच्चे ध्वनिमुद्रण’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. गाणं पोचवताना आम्ही तुम्हाला मिक्स केलेली वेव्ह फाइल देतो, स्टेजसाठी आवाजाविना ट्रॅक देतो आणि तुम्ही मागितले म्हणून स्टेमही देतो. स्टेम म्हणजे प्रत्येक वाद्याची आणि आवाजाची वेगळी फाइल. त्यातली आवाजाची फाइल अगदी कोरडी असते : रिव्हर्ब नाही, एको नाही, मागे ऑक्टोपॅड नाही. आवाजाची नक्कल शिकवणाऱ्या आरव्हीसीसारख्या फुकट साधनाला असा साधारण दहा मिनिटांचा स्वच्छ आवाज पुरतो. एका गाण्याचे मुखडे, अंतरे, दुहेरी डब आणि टाकून दिलेले टेक धरले की तीन-चार मिनिटं सहज निघतात. म्हणजे तीन गाणी दिलेल्या गायिकेचा आवाज तुमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर तयार पडलेला आहे.

तयार गाण्यातून तोच आवाज काढायला गेलं तर बेंजोचे आणि सनईचे सूर आवाजाला चिकटून येतात. रिव्हर्बची शेपटी राहते. मग नक्कल डब्यात बोलल्यासारखी पत्र्याची लागते आणि ‘स’, ‘श’ फुसफुसतात. कोरड्या फाइलची किंमत त्यामुळेच आहे, आणि करारात नेमकी तीच ‘जादा मोबदल्याशिवाय’ मागितली आहे.

कायद्याने काय म्हटलंय तेही बघा. नुसत्या गळ्यावर कॉपीराइट नसतो, हे तुमचे वकील बरोबर सांगतात. पण गायलेल्या सादरीकरणावर गायकाचा हक्क असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ३८अ वाचा. सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करणं, त्याची नक्कल करणं, ते इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हे हक्क गायकाचे आहेत. गाणं प्रसिद्ध करायला दिलेली परवानगी त्या गाण्यापुरती असते. तीच फाइल उचलून शिकवणीच्या फोल्डरमध्ये टाकणं ही दुसरी नक्कल झाली, तिला दुसरी परवानगी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध आदेश दिले. ते नामांकित, आमचा आवाज ओळखतात चार-पाच तालुके. पण तुमचा धंदाही त्याच चार-पाच तालुक्यांवर चालतो ना?

आता जुन्या करारांकडे येऊ. तुमच्यापैकी काहींचं म्हणणं असं की सही नसली तरी बिघडत नाही, आठ-दहा वर्षांपूर्वी ‘सर्व हक्क’ लिहून घेतलेलेच आहेत. ते चालत नाही, आणि का चालत नाही हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या जुन्या साठ्याची सगळी मदार त्यावरच आहे. कलम १८मध्ये २०१२ साली एक अट घातली गेली : करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी रीत अस्तित्वातच नव्हती किंवा व्यवहारात नव्हती, ती करारात नाव घेऊन लिहिलेली नसेल तर त्या रीतीला करार लागू होत नाही. २०१५ साली पारोळ्याला किंवा शिरपूरला बसून कोणी ‘आवाजाचं मॉडेल’ असं लिहिलेलं नाही. आजच्यासारखी गाणं बनवणारी यंत्रं तेव्हा बाजारात नव्हती. तेव्हा जुन्या गाण्यांच्या बाबतीत तुमच्या हातात यूट्यूब, सीडी, कॉलरट्यून असेल. यंत्राला शिकवण्याचा हक्क नाही.

कलम १९ त्याहून रोकडं आहे. हक्क लेखी आणि सहीनिशी दिला नसेल तर तो दिलेलाच नाही. कोणतं गाणं, कोणता हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, किती मोबदला हे करारात असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘यापूर्वी दिलेली व यापुढे द्यावयाची सर्व गाणी’ अशा एका ओळीत गाण्याचं नाव कुठे आहे? आणि आपल्याकडे निम्मी गाणी तर चहाच्या टपरीवर ठरलेली, पैसे फोनवर आलेले, कागद नाहीच. त्या गाण्यांचे शब्द आजही लिहिणाऱ्याचेच आहेत. तुम्ही त्याला पगारी नोकर म्हणून ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. पगार द्यायची वेळ आली की मात्र आम्ही ‘कलाकार’ असतो.

रॉयल्टी लिहून घेण्याचा सहावा मुद्दाही याच कायद्यासमोर टिकत नाही. सुट्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क आहे. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, तुम्हाला नाही. उलट काही लिहून घेतलं तरी कलम १८ ते रद्द मानतं. सही झाली म्हणून संपलं असं नाही.

यंत्रातून बाहेर आलेलं गाणं कोणाचं, यावर आपल्या पट्ट्यात दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो, यंत्राने केलं म्हणजे कोणाचंच नाही, उचला. दुसरा म्हणतो, प्रॉम्प्ट (यंत्राला दिलेली सूचना) मी लिहिला, गाणं माझं, हात लावला तर यूट्यूबवर स्ट्राइक (हक्कभंगाचा ठपका) मारतो. दोन्ही कच्चं आहे.

आपल्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीपासून एक वाक्य आहे : संगणकाने निर्माण केलेल्या साहित्य, नाट्य, संगीत वा कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती ‘निर्माण करवणारी व्यक्ती’. कलम २(ड)(६). ते लिहिलं तेव्हा संगणकाकडून लोक पगारपत्रकं आणि निकालपत्रकं काढून घेत होते. तो एक दिवस हळदीचं गाणं रचेल असं कोणाच्या स्वप्नातही नसावं. आता करवणारा कोण? ‘खान्देशी डीजे, बेंजो, जोशात’ एवढे चार शब्द टाकणारा? पैसे भरणारा चॅनलमालक? की यंत्र बनवणारी परदेशी कंपनी? यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झालेला नाही. मात्र कृती ‘मूळ’ असावी लागते, आणि मूळ म्हणजे काय हे २००७च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सांगितलेलं आहे : नुसते कष्ट पुरत नाहीत, माणसाचं कौशल्य, निवड आणि थोडीतरी सर्जनशीलता दिसावी लागते. चार शब्द टाकून आलेल्या दहा चालींतली एक उचलणं यात बसेल यावर आम्ही पैज लावणार नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राला २०२०मध्ये माणूस आणि ‘राघव’ हे यंत्र अशा दोघांच्या नावाने नोंदणी मिळाली. पुढच्याच वर्षी ती मागे घेण्याची नोटीस निघाली. अमेरिकेत त्याच चित्राला २०२३मध्ये नकार मिळाला. तिथल्या अपील न्यायालयाने थेलर खटल्यात मार्च २०२५मध्ये स्पष्ट केलं की कर्ता माणूसच लागतो. त्याआधी फेब्रुवारी २०२३मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, यंत्राने काढलेली चित्रं वगळली. ही वगळण्याची रीत आपल्या कामाची आहे.

कारण गाण्यात थर असतात. शब्द हे साहित्य, चाल हे संगीत, आणि त्या दोन्हींवर ध्वनिमुद्रण हा तिसरा, स्वतंत्र हक्क. शब्द माणसाचे आणि चाल यंत्राची असेल तर शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्यात वाद नाही. चालीचं वर म्हटल्याप्रमाणे भिजतं घोंगडं. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने निर्माता असतो, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि तिथे तुम्ही उभे राहू शकता. पण कलम १३(३) विसरू नका. ध्वनिमुद्रण करताना कोणाच्या शब्दांवरचा किंवा चालीवरचा हक्क मोडला असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटच मिळत नाही. आमच्या दोन ओळी आत टाकून यंत्राकडून ‘नवं’ गाणं काढलं आणि त्या ओळी ओळखू येतील अशा बाहेर आल्या, तर ते गाणं तुमचंही राहत नाही. ज्या गाण्यावर तुम्ही दुसऱ्याला स्ट्राइक मारता त्याच्या बुडाखाली जमीन नसते.

आणि अहिराणीत ओळी ओळखू येतातच. हिंदीत कोट्यवधी ओळींचं पीठ मळलं जातं, कोणाचा दाणा कुठला ते सांगता येत नाही. आपल्या बोलीतली नीट लिहिलेली, नीट गायलेली गाणी मोजकी. यंत्राला नुसतं ‘अहिराणी गाणं कर’ म्हणून सोडलं की ते ‘माझ्या डोळ्यात पाणी शे’ असलं धेडगुजरी काढतं. निम्मी प्रमाण मराठी, शेवटी एक ‘शे’ चिकटवलेला. आपल्याकडे ‘मन्हा डोयामा पानी उनं’ म्हणतात. ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘माझा’चा ‘मन्हा’ होतो, आणि क्रियापद वेगळंच. म्हणून मग तुमच्या स्टुडिओतली पोरं काय करतात? आधीचं एखादं चाललेलं गाणं ‘संदर्भ’ म्हणून यंत्रात चढवतात आणि म्हणतात, असंच कर. तेव्हा भाषा सुधारते. सुधारते, कारण ती त्या गाण्यातूनच आलेली असते. अशा गाण्यातला प्रत्येक बरोबर ‘य’ कोणाच्या तरी वहीतला आहे. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये नऊ गाण्यांच्या शब्दांबद्दल गेमा या तिथल्या संगीत सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. यंत्र शब्द जसेच्या तसे ओकतं, म्हणजे ते त्याच्या पोटात साठलेले आहेत, असं तिथे मानलं गेलं. इथे तर पोटात घालणारा हात कोणाचा हेही दिसतं.

सगळ्यात वाईट प्रकार कानबाईच्या, आपल्या श्रावणातल्या देवीच्या, गाण्यांचा झालाय. कानबाईची, गौराईची, अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी कोणा एकाची नाहीत. आज्यांनी मायांना दिली, मायांनी लेकींना. यंत्रात त्या चाली टाकून वर डीजेचा ठेका बसवायचा, ‘गीत-संगीत : अमुक म्युझिक’ लिहायचं आणि वितरकामार्फत ते कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारी गाणी आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, नोंदवायचं, हे गेल्या श्रावणात झालं. मग ज्या महिला मंडळाने रोट, मिरवणूक आणि स्वतःच्या आवाजातलं गाणं मोबाईलवर चढवलं, त्यांच्याच व्हिडिओवर क्लेम, म्हणजे ‘हे गाणं आमचं’ असा दावा. कंटेंट आयडी नुसती ध्वनिफीत नाही, चालही जुळवतं. त्यामुळे आजीबाईचा आवाज तुमच्या गाण्याची ‘नक्कल’ ठरतो!

यूट्यूबचा नियम सरळ आहे : ज्यावर तुमचा एकट्याचा हक्क नाही ते कंटेंट आयडीत संदर्भ म्हणून देता येत नाही. पारंपरिक चाल नाही, सगळ्यांना मिळणारा विकतचा लूप नाही, कराओके ट्रॅक नाही. वितरकांनो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फॉर्म भरताना ‘हक्क एकट्याचा आहे’ या चौकटीवर टिक तुम्हीच मारता.

ज्यांच्यावर असा क्लेम आला असेल त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, घाबरून व्हिडिओ उडवू नका. ‘विवाद’ नोंदवा. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत नोंदवला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. उशीर केला तर विवाद नोंदवल्याच्या दिवसापासूनचे. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने नाकारला तर अपील, तिथे त्याला सात दिवस. त्यानंतरही अडला तर त्याला रीतसर व्हिडिओ काढण्याची मागणी करावी लागते. तेव्हा स्ट्राइक लागते आणि तुम्ही प्रतिनोटीस देता. मग त्याला दहा कामाच्या दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. कारणात स्पष्ट लिहा : पारंपरिक गीत, कर्ता अज्ञात, आमचं स्वतःचं गायन, अमुक गावी अमुक तारखेला. सगळं खरं असेल तरच. खोट्या धमकीविरुद्ध कलम ६०खाली दावाही लावता येतो.

पण चॅनलमालकहो, हे तीस दिवस बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. तीस दिवसांनी क्लेम सुटेल तेव्हा श्रावण संपलेला असतो आणि तो व्हिडिओ बघणारं कोणी उरलेलं नसतं. लग्नाच्या गाण्यांचं तेच. तुमचा क्लेम टिकावा लागत नाही, तो हंगामभर लटकला तरी काम होतं. हे तुम्हाला कळत नाही असं आम्ही मानत नाही.

बहिणाबाईंच्या कवितांवरही हेच चाललंय. त्या ३ डिसेंबर १९५१ला गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२मध्ये आल्या. मृत्यूपासून साठ वर्षं मोजा की प्रकाशनापासून, २०१२च्या अखेरपर्यंत त्या पुस्तकातल्या कवितांची मुदत संपली. शब्द सर्वांचे आहेत, चाल लावा, गा, कोणी अडवणार नाही. पण यंत्राने लावलेल्या चालीचं गाणं चढवून त्या शब्दांवर ‘गीत’ म्हणून चॅनलचं नाव टाकता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी त्याच ओळी गायल्या तर क्लेमही मारता येत नाही. ओळी मोडून-तोडून बदनामीकारक रूपात घातल्या तर कलम ५७ आहेच. २०१२च्या दुरुस्तीनंतर कर्त्याच्या वारसांना मुदत संपल्यावरही हरकत घेता येते.

नाव टाकण्याचा मुद्दा मानापमानाचा वाटेल, पण तो पैशाचा आहे. वितरकाच्या फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, गायक, निर्माता असे वेगळे रकाने असतात. तुमच्याकडे बसलेला मुलगा घाईत चारही रकान्यांत चॅनलचं नाव भरतो. दिल्लीत केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५मध्ये कार्यपत्राचा पहिला भाग काढला. त्यात सुचवलंय की कायदेशीर मार्गाने मिळालेल्या कृती यंत्राला शिकवायला सरसकट परवानगी असावी, हक्कदाराला नाही म्हणता येऊ नये, आणि त्या बदल्यात एका मध्यवर्ती संस्थेमार्फत रॉयल्टी वाटली जावी. हे बरं की वाईट यावर आमच्यातच एकमत नाही. पण उद्या तसं झालं तर पैसे रकान्यातल्या नावाला जाणार. वीस वर्षं लिहिणाऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसेल, तर त्याची भाषा गेली आणि पैसाही गेला.

थंबनेलवरच्या चित्रांचं, लग्नाच्या बॅनरसाठी यंत्राकडून घडवलेल्या चेहऱ्यांचंही असंच आहे. ते छायाचित्रकार आणि पेंटर मंडळी स्वतः मांडतील.

आमच्या मागण्या :

१. अकरावा मुद्दा करारातून पूर्ण काढा. यंत्रासाठी काही हवंच असेल तर वेगळा कागद करा. त्यात गाण्याचं नाव, साधनाचं नाव, कशासाठी, किती महिने, किती पैसे आणि मुदत संपल्यावर मॉडेल पुसल्याची लेखी कबुली. त्यावर नाही म्हणणाऱ्याचं नेहमीचं काम थांबवू नका.

२. स्टेम मागताना कारण सांगा. रिमिक्ससाठी वाद्यांचे स्टेम देऊ. कोरड्या आवाजाची फाइल यापुढे आमच्याकडेच राहील, आणि आधी दिलेल्या फाइल्स कोणाकोणाकडे गेल्या याची यादी आम्हाला द्या. दिवंगत गायकांच्या फाइल्सचा हिशेब त्यांच्या घरच्यांना द्या.

३. पारंपरिक गाण्यांवरचे सगळे क्लेम सोडा. वितरकांनी अशा गाण्यांचे संदर्भ कंटेंट आयडीतून काढावेत. पूर्ण यंत्राने केलेली गाणी तिथे नोंदवूच नका.

४. यंत्र वापरलं असेल तर कुठे, ते वर्णनात मराठीत लिहा : शब्द माणसाचे, चाल यंत्राची, आवाज अमुकचा. यूट्यूबने मार्च २०२४पासून बदललेल्या वा कृत्रिम मजकुराचा खुलासा मागायला सुरुवात केली आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२६मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून लेबल बंधनकारक केलंय. आम्ही फक्त ते अर्धवट ठेवू नका म्हणतोय.

५. जुन्या गाण्यांचे रकाने दुरुस्त करा. गीतकार-संगीतकारांची यादी आम्ही तालुकावार करून देतो.

यंत्राच्या फुकट योजनेत केलेली गाणी पैसे कमवायला लावू नका, हे मागणीत नाही, सल्ला आहे. त्या कंपन्यांच्या अटींमध्ये व्यापारी वापर सहसा पैसे भरलेल्या योजनेपुरता असतो, आणि नंतर पैसे भरले म्हणून आधीचं गाणं आपोआप सुटत नाही. अट गाणं केलं त्या दिवशीची बघतात, पावती जपा.

आमच्याच लोकांसाठी थोडं. वही फेकू नका. मोबाईलवर गुणगुणलेली पहिली चाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते. प्रोजेक्ट फाइल तारखेनिशी दोन ठिकाणी ठेवा. नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्या क्षणापासून असतो, पण वादात कागद उपयोगी पडतो. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर चौदा नंबरचा फॉर्म भरा. शब्दांसाठी किंवा चालीसाठी पाचशे रुपये, ध्वनिमुद्रणासाठी दोन हजार. डायरी नंबर मिळतो, हरकतींसाठी तीस दिवस थांबतात. यंत्राची मदत घेतली असेल तर कोणती ओळ कोणाची हे लिहून ठेवा आणि प्रॉम्प्ट पुसू नका. आणि दावा लावायला दिल्ली-मुंबईला जावं लागतं हा समज सोडा. कलम ६२प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात तो लागतो. धुळ्यालाही, नंदुरबारलाही.

भाऊसाहेब, अखाजीपर्यंत तुमचं उत्तर यावं. तोवर नव्या करारावर आमच्यापैकी कोणी सही करणार नाही, हळदीची आणि वरातीची ठरलेली गाणी मात्र ठरल्या तारखेला मिळतील. आम्ही आमचा मसुदा दोन पानांत तयार केलाय, सगळा मराठीत, कुठला हक्क किती दिवसांसाठी ते पहिल्याच पानावर. ज्यांना हवा त्यांनी मिक्सिंगला आलात की मागून घ्या, स्टॅम्पचे पाचशे निम्मे-निम्मे करू.

आपले,
खान्देशातले काही गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रक